पाणी वरूनच येतं

गळतीच्या बाबतीत आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत संपूर्ण एकमत आहे. पाणी वरून येतं. १०२ चं म्हणणं, ते २०२ चं आहे, म्हणजे आमचं. आम्ही म्हणतो ३०२ चं. ३०२ वाले ४०२ कडे बोट दाखवतात, ४०२ वाले गच्चीकडे, आणि गच्ची सोसायटीची असल्यामुळे तिच्याकडे बोट दाखवायला सगळेच मोकळे. गच्चीच्या वर आभाळ. त्याला अजून कुणी नोटीस दिलेली नाही, पण मागच्या सर्वसाधारण सभेतला सूर पाहता तोही ठराव फार लांब नसावा.

इमारत डोंबिवलीतली, १९८९ सालची, तळ अधिक चार, बिनलिफ्टची. तिशी उलटलेल्या इमारतीला महापालिकेची नोटीस येते : बांधकामाची तपासणी करून घ्या आणि इमारत धड असल्याचं प्रमाणपत्र आणून द्या. सोसायटीच्या आदर्श उपविधींतही हे आहेच. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट ५ वर्षांतून एकदा, त्यापुढच्या वयाला ३ वर्षांतून एकदा. उपविधींची पुस्तिका आमच्या सेक्रेटरींकडे आहे. ती पार्किंगच्या भांडणापुरतीच उघडली जाते, त्यामुळे त्यातली दोनच पानं मळलेली आहेत.

नोटीस आल्यावर चेअरमन म्हणाले, "ऑडिट कशाला? जुन्या काळचं सिमेंट आहे. हलायचं नाही." आता, सिमेंटवरचं सरकारी नियंत्रण पूर्ण उठलं ते १९८९ च्या मार्चमध्ये. म्हणजे आमचे खालचे खांब कंट्रोलच्या काळातले आणि वरचे खुल्या बाजारातले. चेअरमन सोयीप्रमाणे दोन्हींचा दाखला देतात. कंट्रोलचं सिमेंट भेसळीला महाग होतं म्हणून चांगलं, आणि बाजारातलं मुबलक होतं म्हणून चांगलं.

तरी शेवटी बोर्डावर तपासणीची तारीख लागली आणि घरोघरी आवराआवर सुरू झाली. ३०१ ने हॉलच्या ओल्या भिंतीला घाईघाईने रंग काढून घेतला. ४०१ ने बेडरूमच्या छताचे पोपडे खरवडून पुट्टी भरली. खजिनदारांनी भिंतीतली तिरकी भेग झाकली जाईल एवढं कपाट तिथे सरकवलं. तपासायला येणाऱ्याला दोष दाखवायचे असतात, त्याचे पैसे आपणच भरलेत, हा विचार कुणाला शिवला नाही. एरवी वर्षभर ज्या ओलीबद्दल जिन्यात उभं राहून तावातावाने बोलायचं, ती त्या दिवशी मात्र आमच्याकडे नव्हतीच.

ओल झाकायचं आमचं हक्काचं साधन म्हणजे कॅलेंडर. जिथे ओल तिथे कालनिर्णय. एका घरात (मजला सांगत नाही) ते छताला लागून, हात पोचणार नाही इतक्या उंचावर टांगलेलं होतं.

"एवढ्या वरचं कसं वाचता, काका?" इंजिनीअर बाईंनी विचारलं.

"वाचायला खालचं आहे," काका म्हणाले.

बाई म्हणजे पंचविशीतली मुलगी. पाठीवर सॅक, हातात टॉर्च आणि एक लहानशी हातोडी. सेक्रेटरींनी तिला चहा दिला आणि "मोठे साहेब कधी येणार?" असं तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. अहवालावर सही तिचीच असणार हे कळल्यावर त्यांनी चहाबरोबर बिस्किटंही मागवली.

तिने पहिलं काम केलं ते भिंती-छतं वाजवून बघायचं. चांगल्या गिलाव्यावर हातोडी ठण् वाजते. आतून सुटलेला असेल तिथे बद्द आवाज येतो. १०२ च्या आजी खुर्ची टाकून हे बघत होत्या. "माठ घेताना आम्ही हेच करतो," त्या म्हणाल्या. "त्याचे कुणी पैसे देत नाही." जिन्याच्या दुसऱ्या वळणावरचं छत जवळजवळ सगळं बद्द वाजलं. मुलांचं आंधळी कोशिंबीर खेळायचं ठिकाण नेमकं तेच.

मग यंत्रं बाहेर निघाली. एक स्प्रिंगची हातोडी असते. खांबावर टेकवून दाबली की आतला दांडा आपटून उलटा येतो आणि किती उसळला त्याचा आकडा दिसतो. पृष्ठभाग जितका टणक, तितका आकडा मोठा. दुसऱ्या यंत्राच्या दोन चकत्या ग्रीस लावून खांबाच्या दोन बाजूंना धरतात आणि कानाला ऐकू न येणारा ध्वनी एकीकडून दुसरीकडे किती वेगाने जातो ते मोजतात. सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट उत्तम, तीनच्या खाली गेला तर संशयास्पद. मीटर रूमजवळच्या खांबाचा वेग तीनच्या आत भरला. खजिनदार म्हणाले, "सेकंदाला पावणेतीन किलोमीटर? आपल्या फास्ट लोकलपेक्षा कितीतरी बरं."

खरी गंमत आली ती फवाऱ्याच्या वेळी. खांबाचा थोडा भाग फोडून तिने आतल्या ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन मारलं. पहिल्या खांबावर गडद गुलाबी रंग उमटला आणि जमलेल्या सभासदांत चुकचुकाट झाला. दुसऱ्या खांबाचा वरचा थर फक्त ओला दिसला, रंग नाही. सेक्रेटरींनी सुटकेचा श्वास सोडला. "हा तरी ठीक निघाला."

"उलटं आहे, काका," ती म्हणाली.

सुदृढ काँक्रीट अल्कधर्मी असतं, ते गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत गेला की ती अल्कता जाते आणि रंग येत नाही. सळईला गंजापासून जपणारा पापुद्रा त्या अल्कतेच्या जिवावर असतो. तो गेला आणि बाथरूमचं पाणी पोचलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, आणि आत जागा नसल्यामुळे वरचं काँक्रीट ढकलून देतो. आधी लांब सरळ भेग, मग फुगवटा, मग एके दिवशी जेवणाच्या टेबलावर दोन किलोचा तुकडा. आम्ही पस्तीस वर्षं समजत होतो की प्लास्टर पडतं म्हणून सळई गंजते. त्यामुळे दर वेळी गवंडी बोलावून गंजलेल्या सळईवर कोरं प्लास्टर चढवायचं, आणि ते पडलं की गवंड्याला नावं ठेवायची.

गच्चीवर तर तिने नुसती वही काढली आणि लिहीतच सुटली. उतार पन्हळीकडे न जाता टाकीकडे गेलेला. डिशच्या छत्र्या, त्यातल्या बहुतेक बंद, आणि प्रत्येकीसाठी कोब्यात पाडलेली भोकं. कठड्याखाली पाण्याच्या पाइपाच्या सांध्यात उगवलेला पिंपळ. पक्ष्यांनी टाकलेलं बी भेगेत रुजतं आणि मुळं भेग रुंदावत आत शिरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी तो तिथे आहे, कारण पिंपळ तोडायला कुणी तयार नाही. ४०२ च्या काकूंच्या मते त्यावर मुंजा असतो. असेलही. मग तो गेली सहा-सात वर्षं आमच्या इमारतीत मेंटेनन्स न भरता राहतोय, आणि थकबाकीदारांच्या यादीत त्याचं नाव नाही, हा मुद्दा मी सभेत मांडला होता. इतिवृत्तात आला नाही.

माझ्या बाथरूमच्या छतावरचा डाग कुणाचा, याचाही त्याच तपासणीत सोक्षमोक्ष लागायचा होता. मे महिना, सगळं कोरडं ठणठणीत. तेव्हा तिने ३०२ च्या बाथरूमची जाळी बुजवून रंगीत पाणी साठवून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या छताला हिरवट थेंब लोंबत होते. मी ३०२ वाल्यांना हाताला धरून खाली आणलं. त्यांनी बराच वेळ मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "रंग आमचा आहे, हे मान्य. पाणी आमचंच कशावरून?" उपविधी या बाबतीत स्पष्ट आहेत. पावसाच्या पाण्याने छत गळलं किंवा बाहेरची सामाईक पाइपलाइन गळली तर खर्च सोसायटीचा, आणि संडास-बाथरूम-सिंकची गळती असेल तर त्या सभासदाचा. म्हणून आमच्याकडे प्रत्येक गळती पावसाची असते, मे महिन्यातलीसुद्धा. १०२ च्या आजींचं आमच्या बाथरूमबद्दल काय मत आहे, ते इथे लिहायचं कारण नाही.

एका ठिकाणी मात्र ती मुलगी हसली नाही. २०१ मध्ये नव्या जोडप्याने हॉल मोठा दिसावा म्हणून स्वयंपाकघराची भिंत काढली होती आणि ओट्याच्या कडेला आलेला खांब "थोडासा" तासून घेतला होता. थोडासा म्हणजे सळई दिसेपर्यंत. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी-साई इमारत कोसळून १७ माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर चाललेलं फेरबदलाचं काम चौकशीत आलं होतं. खांब एका घराचा नसतो, वरच्या-खालच्या सगळ्यांचा असतो. तिने एवढंच सांगितलं, फोटो काढले आणि त्याच दिवशी तिथे लोखंडी टेकू लावून घेतले. जोडप्याला ते टेकू आवडले नाहीत. इंटिरिअरला शोभत नव्हते.

तिचं काम खरं आर.सी.सी.चं. पण स्वयंपाकघरात शिरलेल्या माणसाला गॅसची नळी दिसतेच. नारिंगी सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची असते. एका घरातल्या नळीचा मूळ रंग कोणता, यावर नवरा-बायकोत तिच्यासमोरच वाद झाला. क्लिपेच्या जागी तार, आणि तारेवर तेलकट फडकं. गळती बघायची ती साबणाचा फेस लावून. "आम्ही काडी ओढून बघतो," असं अभिमानाने सांगणाऱ्या काकू अजून हयात आहेत, हे त्या नळीचं पुण्य. आणखी एका बाथरूममध्ये गॅस गीझर होता आणि थंडी येते म्हणून खिडकीला पुठ्ठा चिकटवलेला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, ती म्हणाली. "मग त्रास नाही," घरमालक म्हणाले. पुठ्ठा तिने स्वतःच्या हाताने काढला.

विजेसाठी वेगळा वायरमन आला. मीटर रूममध्ये त्याला जायलाच जागा नव्हती : मोडक्या सायकली, रद्दीचे गठ्ठे, गणपतीचं थर्मोकोल. म्हणजे जिथे ठिणगी पडायची शक्यता सगळ्यात जास्त, तिथे जळण रचून तयार. आग विझवायचं नळकांडं सोसायटीच्या ऑफिसात, ऑफिसला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी अधूनमधून महिनाभर गावी जातात. नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात असावा लागतो. आमचा कधीच खाली तांबड्यात उतरला होता.

घरातल्या बोर्डांत मात्र आमच्या समाधानाचं मूळ सापडलं. ३०१ चे काका म्हणाले, "आमच्याकडे विजेचा काही त्रास नाही. पूर्वी तो ब्रेकर सारखा पडायचा. एकाला बोलावलं, त्याने काहीतरी केलं, तेव्हापासून एकदाही पडला नाही." त्याने काय केलं होतं? आर.सी.सी.बी. बायपास केला होता. वायरमध्ये ३० मिलिअँपिअर एवढी गळती झाली की माणूस मरायच्या आत वीज तोडायची, हे त्या डबीचं एकमेव काम. ती काम करत होती, म्हणून तिला काढून टाकलं. गीझरची वायर कुठेतरी उघडी पडली होती, ती तशीच राहिली.

अहवाल आला. इमारतींची चार गटांत विभागणी करतात : सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत्या घरी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. आम्ही सी-२बी मध्ये बसलो. सभेत टाळ्या पडल्या. जिवावर बेतलेलं टळलं म्हणून नव्हे, सामान हलवावं लागणार नाही म्हणून. मग खर्चाचा आकडा वाचला गेला आणि टाळ्या थांबल्या. सिंकिंग फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या पाव टक्का जमवायचा असतो. आमच्याकडे तो जमलाही आहे, फक्त १९८९ च्या बांधकाम खर्चाच्या हिशेबाने. त्यात परांच्या बांधून होतील, वर कुणाला चढवता येणार नाही.

पुढची चर्चा लवकर संपली. कुणीतरी म्हणालं, आधी बाहेरून रंग काढू, म्हणजे भाव वाढेल. बरीच डोकी हलली. आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बद्द माठाला रंग दिला तरी पाणी गळतंच." त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांनी चेकने आणले होते. त्यानंतर नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. ठराव मंजूर झाला, पावसाळा संपल्यावर काम सुरू करायचं ठरलं. पिंपळाचा विषय पुढच्या सभेवर.

तोवर तुम्ही एक करा. तुमच्या विजेच्या पेटीत आर.सी.सी.बी. असेल, तर त्याच्यावर इंग्रजी 'टी' लिहिलेलं बारकं बटण असतं. ते दाबा. वीज लगेच गेली पाहिजे. गेली तर घरच्यांचा आरडाओरडा ऐकून घ्या आणि खटका वर करा. नाही गेली, तर वायरमनला बोलवा. मागच्या वेळी जो तुमचा त्रास मिटवून गेला होता, त्याला मात्र नको.