शंकूने अडवलेला रस्ता

नोएडातल्या घरी गणपतीच्या आरतीचा व्हिडिओ संगणकावर लावावा, तर टाळांचा आवाज दणदणीत आणि पडदा काळाकुट्ट. फोनने एचईव्हीसी पद्धतीने आवळलेली फाइल विंडोजला सुटत नाही. ती उलगडणारा कोडेक वेगळा घ्या, वर पैसे मोजा. म्हणून घरोघरचा उतारा व्हीएलसी प्लेअर: पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला, फुकट, मिळेल ते चालवणारा. खूण मात्र रस्ता अडवणारा नारिंगी शंकू. दिल्लीने ती फारच मनावर घेतली. फेब्रुवारी २०२२ पासून व्हीएलसीचं संकेतस्थळच देशात उघडेना. का, असं माहिती अधिकारात विचारलं, तर इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाचं उत्तर: आमच्याकडे माहिती उपलब्ध नाही. म्हणजे पडदा तिथेही काळाच, फक्त आवाजही नाही! कायदेशीर नोटीस गेली, तेव्हा कुठे नोव्हेंबरात टाळं निघालं.

आता व्हिडिओ दिसतो, पण संपादनात काकांची टाळी आधी पडते आणि ऐकू नंतर येते. त्यात मात्र सरकारचा हात नाही. दोष फोनचा: त्याचा फ्रेम-दर हलता असतो. हँडब्रेक नावाच्या प्रोग्रॅममधून तो आधी स्थिर करून घ्या, मगच कापाकापीला बसा.