ओ दादा, बाजू!

"मामा, पुलाच्या आधी दोनदा हलकेच टिंग टिंग करायचं. पुढचा सरकला की थँक यू. नाही सरकला तर मुकाट उतरायचं." एवढं सांगून भाच्याने त्याची सायकल माझ्या हातात दिली आणि ऑफिसला पळाला. घंटी मेलेली आहे, एवढं तेवढं सांगायचं राहिलं.

लंडनच्या रीजंट्स कॅनॉलच्या काठची ही वाट मुळात घोड्यांची. बोटींचे दोर ओढत ते इथून चालत. आता तिथे चालणारे, पळणारे, कुत्री, बाबागाड्या आणि सायकली. पहिला मान चालणाऱ्याचा. मी पुण्याच्या लक्ष्मी रोडवर सायकल शिकलेला. आमच्याकडे घंटी हा शेवटचा इशारा, त्यानंतर थेट सात पिढ्यांचा उद्धार.

कॅमडेन सोडलं आणि पुलाखाली वाट आक्रसली. पुढे एक गृहस्थ पळत होते. पळत म्हणजे, त्यांच्या कपड्यांवरून तसं वाटत होतं. कानात बोंडं. मी घंटी दाबली. खट्. पुन्हा खट्. शेवटी तोंडाने "टिंग टिंग" केलं. कालव्यातल्या बदकाने वळून पाहिलं, गृहस्थांनी नाही. "एक्स्क्यूज मी" झालं, "हॅलो" झालं, "ओ दादा, बाजू!"सुद्धा झालं. तोवर माझ्यामागे सायकलींची रांग लागली आणि आरतीला उभं राहिल्यासारखी सगळ्यांनी घंटा धरली. सगळे मला वाजवतायत. मी कोणाला वाजवू? एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला कालवा, आणि याहून हळू चालवली तर सायकल आडवी.

तेवढ्यात घट्ट कपड्यांतला एक वीर ना टिंग, ना थँक यू, माझ्या कोपराला घासून सुसाट गेला. बाबागाडीवाली बाई भिंतीला चिकटली. हा प्राणी पुण्यातही आहे. त्याच्या हँडलला देवळातली घंटा टांगली तरी तो ती वाजवणार नाही. पुढे माणूस आहे, हे आधी दिसावं लागतं ना!

वाटेत प्राणिसंग्रहालय येऊन गेलं म्हणे; माझी नजर गृहस्थांच्या पाठीवर.

मॅकल्सफील्ड पुलाखाली गृहस्थ बुटाची नाडी बांधायला वाकले आणि मी उतरलो. पुलाच्या लोखंडी खांबांवर दोरांनी कापलेल्या खाचा आहेत. १८७४ मध्ये दारूगोळ्याच्या बोटीचा इथे स्फोट झाला, बोटीवरचे तिघे गेले, पूल उडाला. खांब वाचले. ते पुन्हा उभारताना फिरवून बसवले, म्हणून खाचा दोन्ही अंगांना. एका खाचेत बोट घातलं, ते आत रुतलं. ओला दोर नुसता घासून लोखंडाची ही गत, मग तो दोर ओढणाऱ्या खांद्यांची काय झाली असेल? त्या घोड्यांना कोणी थँक यू म्हटलं असेलसं वाटत नाही.

गृहस्थांनी बोंडं काढली. "सॉरी, बराच वेळ मागे होतात का?"

"छे छे, आत्ताच आलो," मी म्हणालो आणि जन्मात पहिल्यांदा हात पुढे करून "आधी तुम्ही" केलं.

त्यांनी ते खरं मानलं. बोंडं परत कानात घातली. लिसन ग्रोव्हपर्यंत मी पुन्हा त्यांच्याच मागे.