पिंग येतंय ना?

हा माणूस ऑफिसात शिरला की आधी छताकडे बघतो. आपण ‘या, बसा’ म्हणेपर्यंत त्याची नजर केसिंग-पट्टीवरून सरकत सरकत कोपऱ्यातल्या रॅकपर्यंत पोचलेली असते. मग जिभेचा ‘च्यक्’ असा आवाज, आणि प्रश्न : “ही वायरिंग कुणी केली?”

हा प्रश्न गवंड्यालाही पडतो आणि दाताच्या डॉक्टरलाही. आपल्या आधी जो कुणी येऊन गेला त्याने घाण करून ठेवली, अशी प्रत्येक कारागिराची श्रद्धाच असते. पण आमच्या ऑफिसातली वायरिंग २००६ साली याच गृहस्थाने केली होती. मी हे त्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो जराही न बिचकता म्हणाला, “तरीच अजून टिकलीय.”

त्याला सगळे नुसतं ‘नेटवर्कवाले’ म्हणतात. वय पंचेचाळीसच्या पुढे. या धंद्यात पंचेचाळीस आकड्याला एरवीही मान आहे. केबलच्या टोकाला जे पारदर्शक प्लॅस्टिकचं बोंडुक असतं त्याला आरजे-पंचेचाळीस म्हणतात, आणि अशी डझनभर बोंडकं त्याच्या शर्टाच्या खिशात बडीशेपेसारखी खुळखुळत असतात. दोन फोन. हेल्मेट कोपरात अडकवलेलं, कारण ते खाली ठेवायला लागेल इतका वेळ आपण थांबणार नाही याची त्याला येताना खात्री असते. जाताना रात्रीचे दहा वाजलेले असतात.

निदान तो समोरच्याचा वकूब बघून सांगतो. आमच्या सी.ए. साहेबांना सांगताना ‘लेटन्सी’. मला सांगताना ‘लोड येतोय’. शिपाई मामांना बाजूला घेऊन हळूच, “मामा, उंदीर झालेत का हो?” तिघांचंही समाधान होतं.

उपचार मात्र सगळ्यांना सारखेच. आधी रिस्टार्ट. तेवढ्याने भागलं नाही तर वायर या भोकातून काढून त्या भोकात. त्यानेही नाही भागलं तर क्रिम्पिंग. चिमट्यासारखं ते हत्यार निघालं की समजावं, आता जुनं बोंडुक छाटून नवं बसणार, आणि केबल दोन इंच आखूड होणार. माझ्या टेबलाची केबल इतक्या वेळा नीट झाली आहे की आता टेबल भिंतीकडे सरकवावं लागलंय. काम झालं की दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने नंबर, तारीख आणि खाली आद्याक्षरं. चित्रकार चित्राखाली सही करतो त्याच ऐटीत.

गेल्या जुलैतली गोष्ट. आमचं ऑफिस शनिवार पेठेत, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर. जुलै महिन्यात तिथे काय परिस्थिती असते ते ज्यांनी कधीतरी ३१ तारखेच्या आत रिटर्न भरलंय त्यांना सांगायला नको. आणि नेमकं आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, टॅली, रांगायला लागलेलं. पूर्वी मी एखाद्या पक्षकाराची कंपनी उघडायला सांगून चष्मा पुसत असे, तोवर ती उघडायची. आता कंपनी उघडायला टाकून खाली अमृततुल्यात जायचो, कटिंग प्यायचो, शेजारच्या टेबलावरचं राजकारण ऐकून यायचो, तरी पडद्यावर गोल फिरतोच आहे. गंमत म्हणजे दिवाळीतच साहेबांनी चांगले पैसे मोजून नवा सर्व्हर घेतला होता. जुना होता तेव्हा बरं चाललं होतं, हे बोलायची मात्र कुणाची छाती नव्हती.

फोन केला. पलीकडून पहिलं वाक्य : “पिंग येतंय ना?”

येत होतं. पिंग कायम येतं. माइक म्यूस नावाच्या एका अमेरिकन माणसाने १९८३च्या डिसेंबरात हा छोटा प्रोग्रॅम लिहिला, तोही त्याच्याकडचं नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून. नाव दिलं पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून. इकडून हाक मारायची, तिकडून ओ आली की मशीन जिवंत. विंडोजवर ही हाक ३२ बाइटांची असते, आणि सेकंदासेकंदाच्या अंतराने चार वेळा मारली जाते. म्हणजे लक्ष्मी रस्त्यावरून पहाटे एक मांजर सोडायचं, ते पलीकडे सुखरूप पोचलं की जाहीर करायचं, गणपतीत टेम्पो जायलाही हरकत नाही.

“पिंग येतंय, म्हणजे नेटवर्क ओके. तुमचं टॅली बघा.”

टॅलीवाल्याने सर्व्हर बघायला सांगितला. सर्व्हरवाल्याने अँटिव्हायरस बघायला सांगितला. चार दिवस ही पालखी फिरून २५ तारखेला पुन्हा याच्या दारात आली आणि हा हेल्मेटसकट हजर झाला.

संध्याकाळभर सगळे उपचार झाले. रात्री नऊला आमच्याकडे आर्टिकलशिप करणारी एक मुलगी, वय एकवीस, सहज म्हणाली, “काका, त्या स्विचमध्ये आत शिरून एरर किती आहेत ते बघता येत नाही का?”

कीर्तनात कुणीतरी मधेच उठून ‘बुवा, हे कुठल्या अध्यायात आहे’ असं विचारावं, तसा तो थांबला. बघता येत होतं. आमचा स्विच, म्हणजे रॅकमधलं सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात ते खोकं, साधा नाही. कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावातून साहेबांनी स्वस्तात उचललेला, आतली प्रत्येक गोष्ट ठरवता येणारा. अडचण पासवर्डची होती. तो त्याला आठवत नव्हता, आणि आठवत नाही हे म्हणायचंही नव्हतं. “जुन्या माणसाने कुठेतरी लिहून ठेवला असेल,” तो म्हणाला.

मामांनी रॅकचं दार पूर्ण उघडलं. आत खंडेनवमीचं हळदकुंकू आणि झेंडूचा वाळलेला हार. हार उचलला तर खाली पांढरी चिकटपट्टी. पासवर्ड. खाली आणखी एक ओळ, ‘सर्व्हर पोर्ट : १०० फुल, फिक्स’. तारीख २००६ची. आद्याक्षरं.

कुणी काही बोललं नाही. मामांनी हार परत ठेवला.

निळी केबल लॅपटॉपला लागली, काळ्या पडद्यावर आकडे आले, आणि सर्व्हरच्या पोर्टापुढे सीआरसीचा, म्हणजे मोडक्यातोडक्या पोचलेल्या निरोपांचा, आकडा आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता. त्यानंतर त्याने जे समजावून सांगितलं ते इतकं सुरेख होतं की मला त्याच्याबद्दलचं सगळं मागं घ्यावंसं वाटलं.

दोन यंत्रं वायरीने जोडली की आधी त्यांच्या याद्या होतात, तो म्हणाला. तुमचा वेग किती, आमचा किती. एकाच वेळी बोलायचं आणि ऐकायचं की पाळीपाळीने. यालाच ऑटो म्हणायचं. १९९५ साली याचा नियम झाला, पण सुरुवातीला या कंपनीचं कार्ड आणि त्या कंपनीचा स्विच यांचं पटायचं नाही, म्हणून जाणते लोक दोन्ही टोकं हाताने ठोकून ठेवायचे : शंभरचा वेग, फुल डुप्लेक्स, विषय संपला. दोन्हीकडे ठोकलं तर उत्तम चालतं. आमच्याकडे एक टोक दिवाळीत बदललं. नवा सर्व्हर ऑटोवर, याद्या करायला पाट मांडून बसलेला. आणि समोर स्विच, तोंडाला कुलूप. सर्व्हरला वेग ओळखता आला, कारण तो तारेवरच्या लयीवरून कळतो. बाकीचं उत्तर नाही. आणि उत्तर नाही आलं तर समोरचा जुन्या वळणाचा समजायचा, पाळीपाळीने बोलणारा, असा नियमच आहे.

मग व्हायचं काय, तर सर्व्हर सभ्य माणसासारखा आधी कानोसा घेऊन बोलणार, आणि स्विच वृत्तवाहिनीवरच्या चर्चेतल्या पाहुण्यासारखा वाटेल तेव्हा. सर्व्हर फाइल पाठवायला लागला की तिच्या पोचपावत्या उलट्या दिशेने येतात. पोचपावती आली की सर्व्हरला वाटायचं, टक्कर झाली. तो वाक्य अर्धवट सोडून गप्प. ते अर्धं वाक्य स्विच केरात टाकणार. पुन्हा पहिल्यापासून. पिंगला यातलं काहीच जाणवत नाही. ते एकटंच जातं, एकटंच येतं, वाटेत आडवं यायला कुणी नसतं.

“आता गिगाबिटला तर,” तो रंगात येऊन म्हणाला, “तांब्याच्या तारेवर याद्या केल्याशिवाय लग्नच लागत नाही.”

“पण मग काका,” ती मुलगी म्हणाली, “दिवाळीत सर्व्हर बदलला तेव्हा हे कुणी बघितलं नाही?”

त्याने दोन्ही फोन तपासले. दिवाळीत सर्व्हर जोडायलाही तोच आला होता. पिंग येतंय बघून गेला होता.

दोन ओळी टाइप केल्या. पोर्टावरचा दिवा विझला, पुन्हा लागला. मी माझ्या टेबलावर जाऊन एका जाड पक्षकाराची कंपनी उघडायला सांगितली आणि सवयीने चपला घालायला वळलो, तोवर ती उघडलीसुद्धा. साहेब केबिनमधून बाहेर येऊन ‘वा’ म्हणाले. त्यांनी बिलाचं विचारलं तर हा म्हणाला, “राहू दे साहेब, आपलं घरचं आहे.” एरवी त्याचं बिल त्याच्या आधी घरी पोचतं.

निघताना त्याने रॅकमधली जुनी चिकटपट्टी नखाने हळूच सोडवली, घडी करून शर्टाच्या खिशात, बोंडकांच्या जोडीला टाकली. तिच्या जागी नवी लावली. तिच्यावर नवा पासवर्ड आहे, ‘सर्व्हर पोर्ट : ऑटो, हात लावू नये’ असं आहे, तारीख आहे. आद्याक्षरं नाहीत.