शाई कुठल्या बोटाला?

अहो, ऐकलंत का? या, जरा कंपाउंडजवळ या, मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आहेत ना, कोणाशी धड बोलतच नाहीत हल्ली. कल्याण-डोंबिवली पालिकेच्या निवडणुकीत मनसेच्या इंजिनाला मत दिलं ना त्यांनी! आधी नुसता धोशा लावला होता, "कमळ नको, धनुष्यबाण नको, 2020पासून प्रशासक बसवून ठेवलाय, आता तिसऱ्यालाच देणार." आणि झालं काय? धनुष्यबाण 53, कमळ 50, बहुमताला हवेत 62, नि इंजिनाचे पाचही जण चालले शिंद्यांकडे! एवढे दोघे ठाकरे भाऊ एकत्र आले, सभा काय, गळाभेटी काय... जाऊ दे. बातमी लागली तेव्हा मी तिथेच होते, हळदीकुंकवाचं बोलावणं करायला गेलेले. वहिनींच्या हातातली कपबशी हातातच. यजमान पेपरमागून म्हणतात कसे, "शेवटी धनुष्यालाच पोचलं की तुझं मत!" असा चेहरा पडला हो बाईचा...

तर काय सांगत होते? हां, तळमजल्यावरचे मास्तर. ते पक्के नोटावाले. जिन्यात अडवून अडवून सांगायचे, "2018 सालीच राज्य निवडणूक आयोगानं काढलंय, पालिकेला नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक!" फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे आला तर मात्र त्याच्या खालोखालचा निवडून येतो, हे विचारल्याशिवाय सांगायचे नाहीत. आणि अर्ज मागे घ्यायचा दिवस सरला, तर आपल्या पॅनलच्या चारातल्या दोन जागा बिनविरोध! यंदा कल्याण-डोंबिवलीत विसाच्या घरात गेले ना तसे. निवडणूकच नाही तर नोटाचं बटण कुठलं? मास्तरांनी दोन दिवस दाढी केली नाही. मतदानाला गेले ते रागातच, पहिल्या मशीनवर नोटा दाबला नि तरातरा निघाले. पोलिंगवाली मुलगी मागून ओरडतेय, "आजोबा, अजून एक राहिलंय, बीप वाजला नाही!" सगळी लाइन बघतेय. बापडे परत आले, पुन्हा नोटा.

मी कोणाला दिलं? ते राहू द्या हो.

खरी मजा तर पुढेच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम! "माझ्या एका मतानं काय फरक पडतो" म्हणत बुधवारची संक्रांत, गुरुवारचं मतदान, शुक्रवारची रजा असं जोडून लोणावळ्याला पसार. सांगितलं कोणाला? कोणालाच नाही. आमच्या हळदीकुंकवाला आल्या पैठणी नेसून, बोटाला ठसठशीत काळी रेघ. मी अत्तर लावायला हात पुढे घेतला, तर रेघ उजव्या बोटाला! मी गप्पच बसले असते, पण आमच्या नौपाड्याच्या वन्संना कुठला दम! "अय्या, आम्हा ठाण्याच्या लोकांना तर डाव्या बोटाला लावली," एवढ्या मोठ्यानं. मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे मार्कर होता ना... पुसला जातो म्हणून..." नि पुढे काही सुचेचना. तिळगूळ तोंडात तसाच.

आणि पहिलं हसलं कोण, सांगा बघू? वहिनी! इतक्या दिवसांनी. म्हणाल्या, "माझं मत गेलं कुठे, ते मला ठाऊक तरी आहे."