६१७४ ला स्कोप काय?

मराठी घरात मुलाने वेगळ्या एखाद्या विषयाचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘त्याला स्कोप आहे का?’ विचारणाऱ्या काकांना त्या विषयात नेमकं काय शिकवतात हे ठाऊक नसतं, पण त्याला स्कोप नाही हे पक्कं ठाऊक असतं. आवडीनिवडीचा विचार आपल्याकडे होतच नाही असं मात्र नाही. तो फक्त पुढे ढकलला जातो. आधी दहावी होऊ दे, मग काय ते कर. मग आधी बारावी. मग आधी नोकरी, आधी लग्न, आधी फ्लॅटचे हप्ते, आधी मुलांची शिक्षणं. शेवटी माणूस रिटायर होऊन तबला काढतो तेव्हा सोसायटीचं पत्र येतं. या स्कोपवाल्यांच्या विरोधात अलीकडे दुसरा पक्ष उभा राहिला आहे. गुणगौरव समारंभात पाहुणे सांगतात, मनाचं ऐका, आवडीचंच करा. सांगणाऱ्याचे सगळे हप्ते फिटलेले असतात. कंपन्यांनीही हा पक्ष चटकन जवळ केला, कारण डेटा एन्ट्रीच्या जागेसाठी ‘पॅशनेट उमेदवार हवा’ अशी जाहिरात दिली की रविवारी यावं लागेल हे वेगळं लिहावं लागत नाही. माझं मत या दोन्ही पक्षांना पटणार नाही. शिकताना आणि काम करताना आवडीला, विश्वासाला, अगदी वेडालाही प्रश्न निवडू द्यावा. उत्तर मात्र त्याला निवडू देऊ नये, आणि घरभाडं भरायची जबाबदारीही शक्यतो त्याच्यावर टाकू नये.

पुरावा म्हणून देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना पुढे करतो. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण फर्ग्युसनमध्ये. पुढे निवृत्तीपर्यंत देवळालीला शाळामास्तर. कल कळण्यासाठी हल्ली मुलांची जी चाचणी घेतात, तिला कापरेकर बसले असते तर अहवालात ‘आकडेमोड उत्तम, बँकेत जावे’ असं आलं असतं. हा गृहस्थ आकड्यांशी खेळत बसे, आणि १९४९ साली त्याने जे दाखवलं ते चौथीतल्या पोरालाही करून बघता येतं. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. समजा ३५२४. आकडे उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. पुन्हा तेच करा. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ वर तोच प्रयोग करा. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत गाडी याच स्टेशनात येते आणि तिथून हलत नाही. स्टेशनावरून आठवलं, १११ चा वर्ग १२३२१ आणि ११११ चा वर्ग १२३४३२१, अशा संख्यांच्या कुळाला कापरेकरांनी ‘डेम्लो’ नाव दिलं, ते डोंबिवली स्टेशनावरून असं सांगतात. डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून चौथ्या सीटखेरीज दुसरं काही सुचलेला हा बहुधा एकमेव माणूस. आणखी एका जातीच्या संख्यांना त्यांनी देवळालीचं नाव दिलं. लोक घराला गावाचं नाव देतात, यांनी संख्यांना दिलं.

‘पण याचा उपयोग काय?’ हा काकांचा आक्षेप इथे येणारच, आणि तो काकांचाच नाही. त्या काळच्या गणितज्ञांतही कापरेकरांचं काम म्हणजे पोरखेळ असं म्हणणारे होते. मी उपयोग शोधून दाखवणार नाही. तसा तो फारसा नाहीही. अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे त्यांचं नाव जगात झालं. तोवर कापरेकर सत्तरीला पोचले होते. गंमत पुढेच आहे. कॉम्प्युटरचे वर्ग हे आपल्याकडचं स्कोपचं माहेरघर, आणि तिथे प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना हमखास दिला जाणारा एक सराव म्हणजे हीच ६१७४ ची वजाबाकी. म्हणजे लाखभर फी भरून, स्कोप पक्का करून आलेली पोरं बिनस्कोपच्या आकड्याशी झटत बसलेली असतात.

कापरेकरांच्या वेडाचा माझ्या लेखी मोठा गुण म्हणजे ते तपासता येत होतं. आकडे उलटसुलट मांडून बघावेत ही हौस त्यांची, पण ६१७४ हे उत्तर त्यांच्या हौसेने आलेलं नाही. त्यांना ६१७५ आवडला असता तरी वजाबाकी ऐकणार नव्हती. आता याच्या उलट टोकाला वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस निव्वळ पट्टी आणि कंपास वापरून काढू पाहणारी मंडळी बघा. ते अशक्य आहे हे १८८२ साली लिंडेमान यांनी सिद्ध केलं. तरी त्यानंतरही माणसं आयुष्यं घालवून ‘उत्तर’ काढत राहिली आणि विद्यापीठांना पाठवत राहिली. श्रद्धा, चिकाटी, त्याग, जागरणं यांत ती कापरेकरांना तसूभरही कमी नव्हती. भाषण करणारे पाहुणे ज्या ज्या गुणांची यादी देतात, ते सगळे त्यांच्यात होते. फक्त उत्तर आधी ठरलं होतं.

इतिहासाचार्य राजवाड्यांचं उदाहरण त्याहून तिखट, कारण माणूसच तिखट होता. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, पुढे बावीस झाले. हे खंड आरामखुर्चीत तयार झालेले नाहीत. गावोगाव हिंडायचं, कुणाच्या तरी माळ्यावर चढायचं, कसरीने खाल्लेली दप्तरं खाली आणायची आणि मोडी वाचत बसायचं. मालक कागद दाखवेल याची खात्री नाही. दाखवले तर त्यात इतिहास असेल याचीही नाही. उसनवारीचा हिशेबच निघायचा संभव जास्त. त्यांची निष्ठा कडवी होती, स्वदेशाचा आणि स्वभाषेचा अभिमान जाळण्याइतका प्रखर होता आणि रागाबद्दल तर बोलायलाच नको. अशा माणसाने पूर्वजांची आरती ओवाळत बसायचं. पण विवाहसंस्थेच्या इतिहासाला हात घातल्यावर जुन्या ग्रंथांतल्या पुराव्यांनी त्यांना जिकडे नेलं तिकडे ते गेले, आणि सनातनी वाचकांच्या अंगावर काटा आला. अभिमानाने त्यांना माळ्यावर चढवलं; खाली काय घेऊन यायचं ते त्याने ठरवलं नाही. शब्दांच्या व्युत्पत्तीत मात्र राजवाडे कधी कधी असे उडत की पुरावा खाली उभा राहून वाट बघे. इतकी तपश्चर्या असलेल्या माणसालाही आवड कुठे चकवते, ते त्यात दिसतं.

‘आवडीचंच शिकायचं म्हटलं तर नावडतं कोण शिकणार?’ हा मास्तरांचा आक्षेप वाजवी आहे. पण नावडतं शिकायची वेळ आवडीमुळेच येते. दादासाहेब फाळक्यांना १९११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहून आपल्या देवदेवतांचा चित्रपट काढायचं वेड लागलं. चित्रपट बघून बघून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते विलायतेला जाऊन यंत्रं घेऊन आले. पैसे घालणाऱ्याला पटवण्यासाठी मग काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवला आणि रोज थोडं थोडं, महिनाभर, त्याचं चित्र घेत राहिले. पडद्यावर तो अंकुर मिनिटभरात वर आला तेव्हा भांडवल मिळालं. वाटाण्याची रोज हजेरी घेणं हे कुणाचं स्वप्न असू शकत नाही. फोटोग्राफी, छपाई, अगदी जादूचे प्रयोगही त्यांचे आधी करून झाले होते, आणि जादूगार म्हणून आपलंच आडनाव उलटं करून ते ‘प्रोफेसर केळफा’ झाले होते. त्या प्रत्येक धंद्यात कुणीतरी त्यांना स्कोप विचारला असणारच. आणि ती सगळी विद्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये कामी आली.

राहिला सर्वांत खरा आक्षेप. यशस्वी वेड्यांची नावं आपल्याला ठाऊक असतात, बुडालेल्यांची नसतात. मग एका फाळक्याकडे बघून शंभर पोरांनी पॉलिसी गहाण टाकायची का? मुळीच नाही. खुद्द फाळक्यांचे अखेरचे दिवस उपेक्षेतच गेले. म्हणून तर मी वकीलपत्र कापरेकरांचं घेतलं आहे. एक तारखेला शाळेचा पगार घ्यायचा आणि उरलेला महिना ६१७४ ला द्यायचा, या व्यवस्थेत आकड्याला कधी पोटासाठी खोटं बोलावं लागलं नाही. वेडाने पैसे मिळवायचेच असं ठरलं की गिऱ्हाईक म्हणेल तो प्रश्न घ्यावा लागतो आणि गिऱ्हाइकाला आवडेल ते उत्तर द्यावं लागतं.

ज्याला पगार सांभाळून वेड जमणार नाही, त्याने निदान घरात विचारून घ्यावं. फाळक्यांच्या गोष्टीत वाटाणा सगळे सांगतात. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा भाग मात्र घाईने आटपतात. पॉलिसीखेरीज गहाण गेले ते दागिने त्यांचे. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांनी केला, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश वळवला, आणि जेवणं आटोपल्यावर रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडत बसल्या, कारण तेव्हा कच्च्या फिल्मला भोकं पाडून घ्यावी लागत. चित्रपटाचा ध्यास त्यांना मुळात होता की नव्हता, हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. दादासाहेबांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून मोठ्या थाटात दिला जातो. स्वीकारणारे भाषणात आपल्या पॅशनबद्दल बोलतात, आणि शेवटी वेळ उरला तर बायकोचे आभार मानतात.