सह्याद्रीची पाठ

मुंबईच्या माणसाला सह्याद्री समोरून भेटतो. कर्जत-कसाऱ्याच्या बाजूने मान वर केली की तो उभाच असतो, छाती काढून. आम्हा हुबळी-धारवाडच्या लोकांना मात्र तो कायम पाठमोरा दिसतो, आणि भर बाजारात पाठमोरा माणूस जसा ओळखू येत नाही, तसा तोही येत नाही. यल्लापूरच्या रस्त्याला लागावं, तर दोन्ही बाजूंना झाडी, मधे भाताची खाचरं, जमीन जराशी वर, जराशी खाली. डोंगर कुठे आहे, असं विचारायची वेळ येते. आणि एका वळणावर जमीनच संपते.

याचं कारण साधं आहे. धारवाड समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे. म्हणजे आम्ही जन्मतःच डोंगरावर बसलेलो आहोत. चढण्यासारखं फारसं शिल्लक नाही. हुबळीला उणकल तळ्याजवळ नृपतुंग बेट्ट ही टेकडी आहे, नाही असं नाही. पण तिथे लोक संध्याकाळी वारा खायला जातात आणि उतरल्यावर गिरमिट-मिरची खातात. याला गिर्यारोहण म्हणायचं धाडस माझ्यात नाही. चालण्याचा खरा कस पाहायचा असेल तर हुबळी स्टेशनावर जावं. मार्च २०२३ मध्ये तिथे १५०७ मीटर लांबीच्या फलाटाचं उद्घाटन झालं. जगातला सर्वांत लांब फलाट! आपला डबा नेमका पलीकडच्या टोकाला येणार असं शेवटच्या क्षणी कळतं, तेव्हा दोन बॅगा आणि पेढ्यांचं खोकं घेऊन जी मोहीम होते, तिला तोड नाही.

म्हणूनच पुण्याचा भाचा पाठीवर निळी सॅक, पायात चिखलाचे म्हणून वेगळे घेतलेले बूट आणि हातात घडीची काठी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मला त्याची काळजी वाटली.

"मामा, किल्ला कुठला?"

"किल्ला नाही रे. दरी आहे."

"दरी? मग वर काय आहे?"

"वर आपण आहोत."

त्याला ते पटलं नाही. महाराष्ट्रातल्या ट्रेकचा सगळा जमाखर्च वर जाण्याचा असतो. कळसूबाई १६४६ मीटर, असा आकडा सांगता येतो. वर पोचलं की एखादं पाण्याचं टाकं, पडका बुरूज, झेंडा. मग घोषणा द्यायची, मग फोटो. दरीच्या तळाशी घोषणा कोणाच्या नावाने द्यायची? आणि आकडा काय सांगायचा? "आम्ही उणे चारशे मीटर सर केलं," असं कॉलेजात सांगितलं तर लोक हसतील, हा त्याचा मुद्दा मला मान्य होता.

त्याची समजूत घालायला शेजारचे मास्तर आले. भूगोल शिकवण्यात त्यांची हयात गेली आहे आणि निवृत्तीनंतर ते गल्लीला शिकवतात. "हे बघ बाळ," ते म्हणाले, "तुमची कृष्णा महाबळेश्वरात उगवती. तिथनं समुद्र जवळ की ओ! तरीपण तिला बंगालच्या उपसागराला जावं लागतं. का? तर तुमच्याकडे पाणलोटाची रेघ सह्याद्रीच्या माथ्यावरनं जाती. इकडं ती रेघ आत सरकलीय, पार धारवाडपर्यंत. समुद्र इथनं शंभरेक किलोमीटर, आणि तरीपण आमचं पाणी उलटं वळून पश्चिमेला जातं!"

मास्तरांचं म्हणणं खरं आहे. धारवाडच्या दक्षिणेला सोमेश्वराच्या देवळापाशी शाल्मला उगम पावते. कलघटगीच्या बाजूला तीच बेडती होते, आणि घाट उतरल्यावर गंगावळी होऊन अंकोल्याच्या दक्षिणेला अरबी समुद्राला मिळते. सगळा प्रवास जेमतेम दीडशे किलोमीटरचा. गावाच्या पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस मात्र ओढ्यानाल्यांनी मलप्रभेला, मलप्रभेतून कूडलसंगमाला कृष्णेत आणि मग तेलंगण-आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात जातो. एकाच ढगातले दोन थेंब. एकाला आठवडाभरात घर, दुसऱ्याला जन्मभर वणवण. मास्तरांची अशी ठाम समजूत आहे, की ही रेघ त्यांच्याच कौलारू घराच्या आढ्यावरून जाते. म्हणून पत्र्याची पन्हळ बदलायला ते कोणाला हात लावू देत नाहीत. उगाच एखादा थेंब भलत्या समुद्रात जायचा!

पश्चिमेकडे हे पाणी चोरीला कसं जातं, तेही मास्तरांनी सांगितलं. पश्चिमेच्या नद्यांना थोड्या अंतरात खूप खाली उतरायचं असतं, म्हणून त्यांच्या पाण्याला जोर फार. त्या उगमाकडची जमीन मागे मागे कुरतडत जातात आणि पठारावरचे निवांत ओढे आपल्याकडे ओढून घेतात. काळी, बेडती, शरावती या साऱ्या त्यातल्याच. शिवाय तुमच्याकडच्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट बेळगावच्या आसपास संपतो. त्याच्या पुढचा खडक कितीतरी पटींनी जुना. जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत तो धारवाडच्याच नावाने ओळखला जातो. हे ऐकून भाचा जरा वरमला. अडीचशे कोटी वर्षांपेक्षा जुनं म्हटल्यावर पुण्याचा माणूससुद्धा क्षणभर गप्प बसतो.

तर आम्ही आमच्याच गावच्या पाण्यामागून निघालो. यल्लापूरच्या पुढे मागोडला बेडती सुमारे दोनशे मीटर खाली उडी घेते, दोन टप्प्यांत. पहिल्या उडीनंतर ती क्षणभर थांबल्यासारखी करते, आणि मग आता माघार नाही हे लक्षात येऊन दुसरी घेते. हे सगळं समोरच्या कड्यावरून, कठड्याला टेकून पाहायचं असतं. तिथून जवळच जेनुकल्लु गुड्डा ही टेकडी आहे. सूर्यास्ताला खाली पाहिलं की दरीत बेडतीची वळणं दिसतात आणि भोवती नुसतं रान. भाच्याने मोबाइल काढला, वर धरला, खाली धरला आणि म्हणाला, "मामा, हे फोटोत येत नाहीये." डोंगराचा फोटो येतो, दरीचा येत नाही, हे मला आधीपासून ठाऊक होतं, पण मी तसं बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी इथल्या हव्यक समाजातल्या एका ओळखीच्या बागायतदारांच्या सुपारीच्या बागेतून खाली जाणाऱ्या वाटेने निघालो. दरीची चाल डोंगराच्या नेमकी उलट असते, हे इथे कळतं. डोंगर आधी घाम मागतो आणि मग देतो. दरी सगळं आधीच देऊन टाकते. सावली, पाण्याचा आवाज, मिरीचे वेल, पायाखाली मऊ पानं. माणूस गुणगुणत उतरतो, ठरल्यापेक्षा खाली जातो, आणखी एक ओढा बघू म्हणतो. वसुली नंतर असते, आणि तीही नेमकी दुपारी तीनला, डबा संपल्यावर, सगळी चढणीची.

भाचा उड्या मारत पुढे. मी मागे, गुडघ्यांशी वाटाघाटी करत. वाटेत जळवा लागल्या. पाऊस ओसरला तरी त्या तिथेच होत्या. बागेतल्या गड्याने माझ्या मोज्यांना तंबाखूचं पाणी चोपडलं होतं, पण भाच्याचे मोजे भारी कंपनीचे, त्याने नको म्हटलं होतं. तळाला पोचेपर्यंत त्या मोज्यांची पांढरी बाजू लाल झाली होती आणि त्याचा उत्साह थोडा कमी. मिठाची पुडी काढून मी मामापणा सिद्ध केला.

खाली नदीकाठच्या घरी जेवण झालं. तंबुळी, भात, आणि शेवटी आप्पेहुळी. रानातल्या आप्पेमिडी आंब्याचं हे आंबट पातळ सार प्यायलं की डोळे मिटतात, याबद्दल उत्तर कन्नडात दुमत नाही. चढणीच्या तोंडावर पाहुण्याला आप्पेहुळी देणं हा आदरातिथ्याचा प्रकार आहे की पाहुण्याला मुक्कामी ठेवण्याची युक्ती, ते मी यजमानांना विचारलं. ते नुसते हसले आणि त्यांनी पुन्हा वाढलं. आम्ही ओटीवर आडवे झालो. डोळे उघडले तेव्हा उन्हं कलली होती, आणि वरची वाट सकाळपेक्षा दुप्पट उभी दिसत होती.

तिथेच यजमानांनी सांगितलं, की ही बाग पाण्याखाली जायची होती. १९८० च्या सुमारास बेडतीवर विजेसाठी धरण बांधायचं घाटत होतं. सुपारीवाल्यांनी नुसता मोर्चा काढला नाही. १९८१ मध्ये सिरसीला चर्चासत्र भरवलं, तज्ज्ञांना बोलावून योजनेचा नफातोटा पुन्हा मांडायला लावला; शिवराम कारंतांसारखा लेखकही त्यांच्या बाजूने उभा राहिला. योजना मागे पडली. हव्यक माणूस जमाखर्चात कच्चा नसतो, हे सरकारला तेव्हा कळलं असावं.

नदीला एक बरं असतं, तिला परत चढायचं नसतं. निदान बेडतीला. म्हादईचं तसं नाही. खानापूरच्या रानातून गोव्याकडे निघालेल्या तिच्या पाण्याला आम्ही वरून हाका मारतो आहोत, की जरा मलप्रभेत वळ, हुबळी-धारवाडच्या नळांना तहान लागली आहे. गोवा खालून ओरडतो, की येऊ दे तिला. २०१८ मध्ये लवादाने कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, तरी हाका थांबलेल्या नाहीत. नळाच्या पाळीची वाट बघणाऱ्या घरात बसून मला या वादात तटस्थ राहणं जमत नाही. दरीच्या तळाशी बसल्यावर मात्र आवाज जरा खाली येतो.

भाच्याला पुढे दूधसागर करायचा होता, रुळांवरून चालत. कॅसलरॉकहून कुळेकडे घाट उतरणारी गाडी दूधसागरच्या अगदी समोरून जाते, घाट एकास सदतीस चढाचा, वर येणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. गाडीतून पाहणं हाच त्याचा राजमार्ग. रुळांवरून चालायला बंदी आहे. जुलै २०२३ मध्ये तिथे गेलेल्या हौशी मंडळींना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या आणि ती चित्रफीत देशभर फिरली. मी ती भाच्याला दाखवली. त्याने बारकाईने पाहिली आणि म्हणाला, "यांचा फॉर्म चुकतोय, गुडघे पुढे जातायत."

चढून वर आलो तेव्हा अंधारलं होतं. धारवाडला परतल्यावर मी घरात एक नवी योजना मांडली. यापुढे नदीसारखं करायचं. उतरायचं, उतरतच राहायचं, अरबैल घाटाच्या खालपर्यंत, आणि परत चढायचं ते सरकारी बसने. गुडघ्यांचा प्रश्नच मिटला. मास्तरांनी मान डोलावली.

बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "मग उतरायचं तरी पायी कशाला? तेही बसनंच उतरू."

"अगं, मग तो ट्रेक कसला?"

"ते तुम्ही बघा. जून २०२३ पासून आम्हा बायकांना सरकारी बसला पैसे पडत नाहीत. शक्ती योजना आहे. मी अंकोल्याला पुढे जाऊन बसते, तुम्ही मामा-भाचे या सावकाश. येताना आप्पेमिडीचं लोणचं आणा."

भाच्याने मामीसाठी खिडकीची जागा आरक्षित होते का, ते मोबाइलवर शोधायला सुरुवात केली आहे.