गोत्र ८०८६

तयार कॉम्प्युटर घेणाऱ्यांची मला मनातल्या मनात कीव येते. ही माणसं दुकानात जातात, खोकं उचलतात, प्लग लावतात आणि सरळ कामाला लागतात. यात पुरुषार्थ तो काय? आमचा कॉम्प्युटर असेंबल्ड. मदरबोर्ड लॅमिंग्टन रोडच्या एका गाळ्यातला, रॅम शेजारच्या गाळ्यातली (थोडी स्वस्त पडली), एसएमपीएस तिसरीकडचा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट तर मी माझ्या हाताने लावलेली. पाहुणे आले की मी कॅबिनेटची काचेची बाजू त्यांच्याकडे वळवतो. चहा त्यानंतर मिळतो.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मुदत संपली, तेव्हा शेजारीपाजारी नवे लॅपटॉप आले. मी फॉरमॅट मारायचं ठरवलं. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं. ते बोर्डातच होतं, फक्त बायोसमध्ये बंद करून ठेवलेलं. चालू केलं, पेनड्राइव्ह लावला आणि हिला हाक मारली. अशा कामाला प्रेक्षक लागतो.

इन्स्टॉलेशन मुकाट पार पडलं. मग स्क्रीन म्हणाला, इंटरनेट जोडा. वायफाय दिसेना, कारण वायफायचा ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर कुठे मिळेल? इंटरनेटवर. पुढे जायचं बटण करडं होऊन बसलेलं. मदरबोर्डच्या खोक्यात ड्रायव्हरची डीव्हीडी होती, पण ती घालायला कॅबिनेटला फटच नाही. दर्शनी भागात सगळे पंखे, आणि त्यांत सप्तरंगी दिवे. ऑपरेटिंग सिस्टीमचा पत्ता नसतानाही ते दिवे झकास लागतात, हे इथे नोंदवून ठेवतो.

मी हिला या पेचाची तात्त्विक बाजू समजावून सांगत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझा मोबाइल केबलने लावून बघ की." यूएसबी टेदरिंग मला ठाऊक नव्हतं असं अजिबात नाही. मी त्याच मुद्द्याकडे येत होतो.

नेट आलं आणि अकाउंट मागितलं गेलं. ईमेल, पासवर्ड, मोबाइलवर आलेला कोड. इथे मात्र माझं डोकं फिरलं. यातला एकेक स्क्रू मी पिळलेला, एकेका भागाचे पैसे मी मोजलेले, आणि आत शिरायला मी मीच असल्याचा पुरावा मीच द्यायचा? पूर्वी बटण दाबलं की कॉम्प्युटर सुरू व्हायचा आणि तो आपला असायचा. आता आधी आपण त्याचे व्हायचं, मग तो विचार करणार. बराच वेळ मी नुसता बसून राहिलो. मग कोड टाकला.

शेवटी डिव्हाइस मॅनेजर उघडला. पिवळे त्रिकोण, आणि समोर 'अननोन डिव्हाइस'. लोक इथे 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' असलं काहीतरी उतरवतात. मी नाही. मी प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज असा आत आत जातो, कारण पीसीआयवरचं प्रत्येक उपकरण, त्याला कुणी ओळखो न ओळखो, विचारलं की आपलं गोत्र सांगतं. आधी कंपनीचा चार खुणांचा क्रमांक, मग उपकरणाचा. १०ईसी म्हणजे रिअलटेक. १०डीई म्हणजे एनव्हिडिया. १०२२ म्हणजे एएमडी. आणि ८०८६ म्हणजे इंटेल. इथे मी नेहमी थांबतो. ८०८६ हा इंटेलने १९७८ साली काढलेला प्रोसेसर. माझ्या कॅबिनेटमधला प्रोसेसर त्याच्याच वंशातला. म्हणजे या लोकांनी गोत्राला थेट मूळपुरुषाचं नाव लावलं! त्यातही मेख आहे. हे क्रमांक सोळाच्या पायावर लिहितात. आपल्या दहाच्या हिशेबात हाच आकडा ३२,९०२ होतो, आणि त्यात मूळपुरुष औषधालाही सापडत नाही. तो बघायचा तर मोजणीच बदलावी लागते. हे मी हिला सांगितलं. मेहुण्याला फोन करून सांगितलं. वॉचमनलाही सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, पाण्याचा टँकर आलाय."

तर तो अनोळखी इसम निघाला एसएम बस कंट्रोलर, गोत्र अर्थातच ८०८६. चिपसेटचा ड्रायव्हर टाकला आणि त्रिकोण गेला. मग लॅन, आवाज, ग्राफिक्स.

राहिलं होतं ते बाबांचं फोल्डर. त्यातली फाइल उघडली, तर पानभर रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या खुणा. फाइल युनिकोडच्या आधीची. त्या काळी आत साठायची रोमन अक्षरंच, फॉन्ट तेवढी ती मराठी करून दाखवायचा. फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेला, त्याबरोबर बाबांचं मराठीही गेलं. बाबा एका बोटाने टाइप करायचे. जोडाक्षर आलं की आतून हाक यायची, "अरे, 'ष्ठ' कुठेय?" मी दर वेळी वैतागून जायचो, की दाबायचो आणि परत यायचो. ते काय लिहितायत हे कधी वाचलं नाही.

तो फॉन्ट शोधायला सगळ्या ड्रायव्हरांपेक्षा जास्त वेळ लागला. कपाटातल्या जुन्या हार्डडिस्कवर सापडला. टाकला, आणि पान सरळ झालं. 'प्रति, मा. सचिव. विषय: दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातील दिवा.' पुढे दोन पानं बाणेदार मजकूर, आणि 'ही जबाबदारी कनिष्ठ कर्मचाऱ्यांवर ढकलू नये' अशी ताकीद. 'ष्ठ' तिथे लागला होता तर.

तो दिवा आजही बंद आहे. सध्या सोसायटीचा सचिव मी आहे.

पत्र बिनतोड होतं. येत्या सभेत वाचून दाखवावं म्हणून प्रिंट द्यायला गेलो, तर प्रिंटर सापडेना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पुन्हा पिवळा त्रिकोण. आता यूएसबीची गोत्रं पीसीआयहून वेगळी, त्यांची पद्धतच निराळी, हे हिला नीट समजावून सांगावं म्हणून हाक मारली. ती कणकेचे हात घेऊन दारात आली आणि म्हणाली, "स्क्रीनचा फोटो काढ आणि ग्रुपवर टाक."